त्यांच्याशी वाद घालून पाहा

प्रिय मैत्रिणी,

तुमचे वय 28, त्यांचे 45; दोन वर्षांच्या स्नेहानंतर त्यांनी लग्नाचे विचारले आहे. नेमक्या याच दिवसांत, नायक-नायिकेच्या वयात जवळपास इतकेच अंतर असलेली एक हलकीफुलकी प्रेमकादंबरी तुमच्या हाती आली. ती तुम्ही तीनदा वाचलीत आणि आता विचारता आहात की, आमचेही असेच गोड होईल, की मी गोष्टीच्या नादाने स्वतःची समजूत घालते आहे?

कादंबरी आवडली याचा संकोच बाळगू नका. ज्या नात्याला जवळची माणसे नाके मुरडतात, ते कोणीतरी आपुलकीने रंगवलेले वाचून मिळणारा दिलासा खरा असतो. मात्र अशा कादंबरीचा शेवट सुखाचा होणार हे आधीच ठरलेले असते, आणि वयाचा अडसर तिथे उभा केला जातो तो ओलांडला जावा म्हणूनच. तुम्ही 43 वर्षांच्या व्हाल तेव्हा ते 60 वर्षांचे असतील. ते दिवस त्या पुस्तकात येत नाहीत.

तरीही मी अडखळले ते आकड्यांपाशी नव्हे, तर तुमच्या एका वाक्यापाशी: ‘त्यांना सगळे कळते, म्हणून मी वाद घालत नाही.’ जेन ऑस्टिन यांच्या 1815 साली प्रकाशित झालेल्या ‘एमा’ या इंग्रजी कादंबरीत नायक नाइटली नायिका एमापेक्षा 16 वर्षांनी मोठे आहेत आणि तिच्या चुका तिला तोंडावर सांगतात, पण एमाही त्यांच्याशी हिरिरीने भांडते, आणि वडिलांना सोडून जाणे तिला जमणार नाही हे ओळखून, आपले घर सोडून तिच्याकडे राहायला येण्याचे तेच सुचवतात. त्या जोडप्यावर माझा विश्वास बसतो तो यामुळेच. गेल्या दोन वर्षांत तुमच्यासाठी त्यांनी आपला कोणता बेत बदलला, ते आठवून पाहा.

मुलांचा विषय तुम्ही एका ओळीत संपवलात: त्यांना नको आहेत, तुमचे ‘अजून ठरलेले नाही’. हे असे सोडू नका. पस्तिशीनंतर स्त्रीला गर्भधारणा अधिकाधिक अवघड होत जाते आणि पुरुषाच्या वाढत्या वयाचाही परिणाम होतोच, त्यामुळे ‘पुढे बघू’ म्हणता म्हणता तो निर्णय तुमच्या वतीने परस्पर होऊन जाईल. पैशांचे, त्यांच्या निवृत्तीचे आणि आजारपणाचेही बोलून घ्या, पण त्यानंतर.

होकार देण्याआधी मुलांच्या विषयावर तुमचे मत, अर्धवट असले तरी, त्यांच्यासमोर पूर्ण मांडा आणि मध्येच माघार घेऊ नका. ‘तू अजून लहान आहेस’ असे म्हणून त्यांनी विषय मिटवला, तर मी तुम्हाला थांबायला सांगेन. त्यांनी ऐकून घेतले, उलट प्रश्न विचारले, स्वतःच्या नकाराचा पुन्हा विचार करण्याची तयारी दाखवली, तर त्या 17 वर्षांची धास्ती मला वाटणार नाही. हे बोलणे एका बैठकीत उरकणारे नाही. तोवर उत्तरासाठी निःसंकोचपणे वेळ मागून घ्या.