दर वाढतात, पण कमी मात्र केले जातात

प्रश्न असा आला आहे: "सरकारने वीज स्वस्त करायचा निर्णय घेतला की त्याच एका निर्णयाला कुणी 'सवलत' म्हणतं, कुणी 'अनुदान', तर कुणी 'वीजमाफी'. हे तिन्ही शब्द समानार्थी आहेत का? आणि 'वीजमाफी' हा शब्द मुळात बरोबर आहे का?"

समानार्थी नाहीत. पहिले दोन शब्द एकाच व्यवहाराची दोन टोकं सांगतात. तिसरा अगदी वेगळ्या व्यवहाराचा आहे आणि तो चुकीच्या जागी बसवला जातो, म्हणून आधी त्याच्याकडे वळतो.

'माफ' अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इथे चांगला रुजला. त्याची एक अट आहे. माफ व्हायला आधी काहीतरी अंगावर असावं लागतं: चूक, दंड, सारा, कर्ज. "माझं चुकलं, माफ कर" असं आपण चुकल्यावर म्हणतो, चुकण्याआधी नाही. सारामाफीत सारा आधी आकारलेला असतो, कर्जमाफीत कर्ज घेतलेलं असतं. त्यामुळे मागची थकबाकी सोडून दिली असेल तर तिथे 'माफी' चपखल बसते. पण पुढच्या महिन्यापासून अमुक इतक्या युनिटांना पैसे लागणार नाहीत, असं ठरलं तर माफ नेमकं काय झालं? अजून ना वीज वापरली, ना बिल निघालं.

यावर कुणी म्हणेल की 'वीजमाफी' हा मध्यमपदलोपी समास धरावा; मावशीच्या नात्याने भाऊ तो मावसभाऊ, तशी वीजबिलाची माफी ती वीजमाफी. व्याकरणाच्या अंगाने मला हे मान्य आहे. मधला शब्द गाळून समास करायची मराठीची सवय जुनी आहे. पण मग तो शब्द थकलेल्या बिलापुरताच वापरा. मी मुद्रितं तपासायचं काम बरीच वर्षं करतो आहे. एकदा माझ्यापुढे मथळा आला, 'घरगुती ग्राहकांना वीजमाफी'. बातमी पुढच्या वर्षासाठी ठरलेल्या कमी दराची होती. मी 'माफी' खोडून 'सवलत' लिहिलं. संपादकांनी विचारलं, "फरक काय पडतो?" तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं, ते आता सांगतो.

माफी मागणारा आणि माफी देणारा एका पातळीवर नसतात. एकाच्या माथी दोष किंवा देणं असतं, दुसऱ्याच्या हाती ते सोडून देण्याचा अधिकार असतो. वीजदर ठरवणं हा धोरणाचा प्रश्न आहे: उत्पादनाला किती खर्च येतो, तारांतून वाहून नेताना किती वीज गळते, कोणत्या ग्राहकाने किती वाटा उचलायचा. या हिशेबाला 'माफी' म्हटलं की नियमित बिल भरणारा माणूसही देणेकरी ठरतो आणि निर्णय घेणारा दयाळू. शिवाय माफी ज्याचं येणं आहे त्याने द्यायची असते. बिलाचं येणं असतं वीज कंपनीचं आणि माफी जाहीर करतं सरकार. कंपनी सरकारी असली तरी तिची वही वेगळी असते. दुसऱ्याचं येणं आपण सोडून दिलं, तर त्याची भरपाई कुणीतरी करायला हवी. 'माफी' हा शब्द त्या कुणाचा तरी पत्ता देत नाही.

आता 'सवलत' आणि 'अनुदान'.

'सवलत'चं मूळ अरबी 'सुहूलत', म्हणजे सुलभता, सोय. हिंदी-उर्दूतला 'सहूलियत' याच कुळातला. हा शब्द घेणाऱ्याच्या बाजूने बोलतो: मला भरायला सोपं गेलं, माझ्यावरचं ओझं हलकं झालं. सोय कुणाच्या पैशातून झाली, हे तो सांगत नाही. 'अनुदान' नेमकं उलट. त्यात 'दान' आहेच. म्हणजे देणारा आला, देण्याची रक्कम आली, ती कोणत्या तिजोरीतून निघाली हा प्रश्नही आला. म्हणून योग्य वाक्य असं होईल: सरकार वीज कंपनीला अनुदान देतं, त्यामुळे ग्राहकाला सवलत मिळते. एकच पैसा, पण निघताना त्याचं नाव अनुदान आणि पोहोचताना सवलत. 'ग्राहकांना अनुदान' म्हणणं थेट चूक नाही. काही देशांत पैसे खरोखर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतात, तिथे तेच बरोबर. पण बिलातच रक्कम कमी झाली असेल तर 'सवलत' जास्त नेमका शब्द.

हा भेद माझ्या मनाचा नाही, कायद्यातही तो आहे. भारताच्या विद्युत अधिनियम, 2003 मधलं कलम 65 सांगतं की वीजदर ठरवणाऱ्या राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दरात राज्य सरकारला एखाद्या ग्राहकवर्गाला सवलत द्यायची असेल, तर त्या भरपाईची रक्कम सरकारने आगाऊ भरावी. ती भरली नाही, तर सरकारचा निर्देश लागू होत नाही आणि आयोगाचाच दर चालू राहतो. म्हणजे अनुदान आधी, सवलत मागाहून. घोषणेत मात्र सवलत ऐकू येते आणि अनुदानाचा आकडा अर्थसंकल्पात शोधावा लागतो.

याच्या जवळचा 'क्रॉस सबसिडी' हा शब्द मराठीत तसाच चालतो. त्याला 'अनुदान' जोडून मराठी रूप करायचा मोह होतो, पण तिथे दान कुणी करतच नाही. एका वर्गाला खर्चापेक्षा जास्त दर लावून दुसऱ्या वर्गाचा दर खर्चाच्या खाली ठेवलेला असतो. सरकारी तिजोरी उघडावीच लागत नाही. कारखान्याच्या बिलातून घराचा दिवा स्वस्त होतो आणि तो भार कारखानदार आपल्या मालाच्या किमतीत घालतो. मी याला साधं 'ग्राहकांमधली भारवाटणी' म्हणेन. शब्द लांब झाला तरी चालेल, त्यात भार तरी दिसतो.

'भार' हा या विषयातला सगळ्यात गुणी शब्द आहे. मंजूर भार, भारनियमन, अधिभार. कधी तारेवरचा भार, कधी खिशावरचा, आणि दोन्हीकडे तो अंगावर पडल्यासारखाच वाटतो. 'आकार'ही तसाच जुना. जमिनीवर सारा बसवायचा म्हणजे तिची आकारणी करायची, आणि ती ज्यात नोंदली जाते तो आकारबंद; तिथून तो बिलावर आला: स्थिर आकार, म्हणजे वीज वापरा वा न वापरा, दर महिन्याला लागणारी ठरावीक रक्कम, आणि वहन आकार, म्हणजे वीज तारांतून पोचवण्याचा आकार. दर कमी झाला पण स्थिर आकार वाढला, तर कमी वीज वापरणाऱ्याचं बिल वाढू शकतं. म्हणून 'दरकपात' वाचलं की बिल कमी झालंच असं समजू नये.

दर आणि बिल यांची गल्लत वाचकच करतात असं नाही. ब्रिटनमध्ये 2022 च्या ऑक्टोबरपासून सरकारने ऊर्जादरांवर कमाल मर्यादा घातली. सर्वसाधारण वापराच्या घराचं वर्षाचं बिल सुमारे 2,500 पौंड होईल अशा बेताने ती ठरवली होती. मर्यादा होती प्रत्येक युनिटच्या दरावर. तरी तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांनी मुलाखतीत सांगितलं की कुणालाही 2,500 पौंडांहून जास्त भरावं लागणार नाही. ज्याचा वापर जास्त त्याचं बिल जास्तच येणार होतं. मराठीत हे लिहिताना 'बिलाची कमाल मर्यादा' न लिहिता 'दराची कमाल मर्यादा' असं लिहावं.

प्रश्नात विचारलं नव्हतं, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट नामांमध्ये नाही, क्रियापदात आहे. 'वाढणे' अकर्मक, 'वाढवणे' प्रयोजक. झाड वाढतं, वय वाढतं, त्यात कुणी काही केलेलं नसतं. आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा: "वीजदर वाढले." "सरकारने वीजदर कमी केले." पहिल्यात कर्ता आहे 'दर', जणू ते स्वतःहून उगवून वर आले. दुसऱ्यात कर्ता सरकार, क्रियापद सकर्मक, श्रेय एका जागी. दर वाढवणंही एक निर्णयच असतो. कुणीतरी प्रस्ताव ठेवला, कुणीतरी सुनावणी घेतली, कुणीतरी सही केली. मग 'आयोगाने दर वाढवले' किंवा 'मंत्रिमंडळाने दर वाढवायला मंजुरी दिली' असं लिहायला अडचण काय? पुष्कळदा काहीच नसते, फक्त सवय नसते. जिथे सरकारने दर ठरवायचं काम स्वतंत्र आयोगाकडे दिलेलं आहे, तिथे ही मोकळीक आणखी सोयीची पडते: वाढ आयोगाची, कपात आमची.

लोक मात्र हा कर्ता बरोबर ओळखतात. बल्गेरियात 2013 च्या फेब्रुवारीत वाढलेल्या बिलांविरुद्ध लोक रस्त्यावर आले, त्यात पंतप्रधान बोइको बोरिसॉव यांनी राजीनामा दिला. आर्मेनियात 2015 च्या जूनमध्ये नियामक आयोगाने सुमारे 17 टक्के वाढ मंजूर केली आणि येरेवानच्या हमरस्त्यावर तरुणांनी ठिय्या दिला. तेव्हा अध्यक्षांनी जाहीर केलं की वीज कंपनीची तपासणी होईपर्यंत वाढीचा भार सरकार उचलेल. बऱ्याच आंदोलकांना ते पटलं नाही. सरकार भार उचलेल म्हणजे आमच्याच करातून उचलेल, आम्हाला वाढ रद्द हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. 'रद्द' आणि 'भार उचलणे' यांतला फरक त्या मुलांनी रस्त्यावर बसून पकडला.

तसाच फरक 'टळली' आणि 'लांबली' यांत आहे. स्पेनमध्ये बरीच वर्षं सरकारने ठरवलेले दर पुरवठ्याच्या खर्चापेक्षा कमी राहिले. ती तूट मिटली नाही, वहीत साचत गेली आणि 2013 पर्यंत 25 अब्ज युरोंच्या वर पोहोचली. ती पुढच्या बिलांतून व्याजासह वसूल करायची होती. त्या काळात दरवर्षी 'दरवाढ टळली' म्हणणं खोटं ठरलं असतं. ती लांबली होती. आपल्याकडे अशा साचलेल्या रकमेला 'नियामक मत्ता' म्हणतात. मत्ता म्हणजे मालकीची संपत्ती. कंपनीच्या वहीत ती येणं म्हणून दिसते, म्हणून मत्ता. ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर ते पुढे भरायचं देणं आहे. ग्राहकांसाठी लिहिणाऱ्याने तिला 'पुढे वसूल होणारी तूट' म्हणावं, असं माझं मत आहे.

राहिला शब्द 'फुकट'. बाजू घेणारे 'मोफत वीज' म्हणतात, विरोधातले 'फुकट वीज'. कोशात अर्थ एक, पण बोलण्यात एक नाही. 'फुकट गेलं' म्हणजे वाया गेलं आणि 'फुकट्या' ही तर शिवीच. 'मोफत'ला तो वास नाही. बातमी लिहिणाऱ्याने दोन्ही टाळून 'ग्राहकाला शून्य दर' लिहावं आणि पुढच्याच वाक्यात ती रक्कम कोण भरणार ते सांगावं.

तेव्हा मूळ प्रश्नाला उत्तर: थकलेलं बिल सोडून दिलं तर 'बिलमाफी', पुढचा दर कमी लावला तर 'सवलत', त्यासाठी सरकारने कंपनीला पैसे दिले तर 'अनुदान'. आणि दिले नाहीत, तर 'तूट'.