शेजारी टॉवर येतोय? वकिलाआधी फाइल गाठा

प्रश्न : आमच्या सोसायटीला लागून ४० मजली टॉवरला पालिकेने परवानगी दिली. त्याविरुद्ध राज्य सरकारकडे अपील करता येईल का?

नाही. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या (१९६६) कलम ४७ खालचं अपील परवानगी मागणाऱ्यासाठी आहे. अर्ज फेटाळला किंवा जाचक अटी घातल्या, तर तो ४० दिवसांत सरकारकडे जातो. शेजाऱ्याला उच्च न्यायालयात रिट याचिकाच (सरकारी निर्णयाला थेट आव्हान) करावी लागते. तिथे ‘एवढा उंच टॉवर इथे शोभत नाही’ हे कोणी ऐकून घेत नाही. नियम मोडला का, अधिकार नसताना सही झाली का, विचारात घ्यायलाच हवी ती बाब सुटली का, एवढंच तपासलं जातं. त्यामुळे माहिती अधिकारात मंजूर नकाशे, सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला), अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र आणि एफएसआयचा (चटईक्षेत्राचा) तक्ता मागवा. मग नकाशावरची सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण केस त्यातूनच उभी राहते. नोएडातले सुपरटेकचे जुळे टॉवर दोन इमारतींमधल्या किमान अंतराच्या नियमावरच अडकले. रहिवासी अलाहाबाद उच्च न्यायालयात २०१४ मध्ये जिंकले, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते कायम केलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये टॉवर पाडले गेले. म्हणजे जिंकूनही आठ वर्षं.

प्रश्न : पर्यावरण मंजुरी देताना आम्हाला कोणी विचारलंच नाही. हा मुद्दा चालेल?

चालणार नाही. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला ही मंजुरी लागते, पण केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनेच बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलंय. मला हे पटत नाही, पण कायदा तसा आहे. मंजुरीतल्या इतर त्रुटींसाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करा. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. मुदत ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६०. त्यापुढे लवादालाही सूट देता येत नाही. म्हणून मंजुरी मिळाल्याचं वेळेत कळावं यासाठी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींवर नजर ठेवा.

प्रश्न : स्लॅब बाराव्या मजल्यावर गेलाय. उशीर झाला का?

झालाय. रिटला ठरावीक मुदत नसली, तरी ‘इतके दिवस काय करत होतात?’ हा प्रश्न येणारच. शिवाय काम बरंच पुढे गेलं की एमआरटीपीच्या कलम ५१ खाली परवानगी मागे घेण्याची पालिकेची वाटही बंद होते. परवानगीबाहेरच्या बांधकामाची गोष्ट वेगळी. मुंबईतल्या ३६ मजली ‘प्रतिभा’चे वरचे आठ मजले पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये कायम ठेवला होता. तेव्हा पालिकेला लेखी हरकत आजच द्या, पोच घ्या.

प्रश्न : टॉवरमुळे आमचा उजेड आणि समोरचा देखावा जाणार. भरपाई?

देखाव्यावर हक्क नाही. उजेडासाठी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याखाली दिवाणी दावा करता येतो, पण त्या खिडकीतून सलग वीस वर्षं विनाअडथळा उजेड येत असला पाहिजे. तुमची इमारत किती जुनी, ते पत्रात लिहिलेलं नाही.