सिटी चार्टर बदलतंय; आपलं म्हणणं कुठे आणि कसं मांडायचं?

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहर आणि परिसरातल्या मराठी वाचकांचे काही प्रश्न इथे घेतले आहेत. नगरसेवक किती, महापौराच्या हातात काय, खाती कोण चालवणार, हे सगळं चार्टर ठरवतं. म्हणजे ती शहराची घटनाच.

प्रश्न : 2022 साली पोर्टलंडचं चार्टर बदललं. लोकांच्या सूचनांना त्यात खरंच किंमत होती, की सगळं आधीच ठरलं होतं?

किंमत होती, पण ती कोणत्या टप्प्यावर, हे महत्त्वाचं. पोर्टलंडमध्ये किमान दहा वर्षांतून एकदा 20 रहिवाशांचा चार्टर आयोग नेमावा लागतो. त्यातल्या 15 जणांनी होकार दिला की प्रस्ताव सिटी कौन्सिलला वळसा घालून थेट मतदारांपुढे जातो. बहुमत आहे पण 15 नाहीत, अशा वेळी चेंडू कौन्सिलकडे. 2022 मध्ये आयोगात 17 विरुद्ध 3 असा कौल पडला आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे 58 टक्के मतदारांनी प्रस्ताव मंजूर केला. 1913 पासून चालत आलेली पद्धत, ज्यात निवडून आलेला कमिशनरच पाणी किंवा रस्ते अशी खाती चालवायचा, ती गेली. आता चार विभाग, प्रत्येकी तीन असे 12 नगरसेवक, आणि रोजच्या कारभाराला प्रशासक.

शब्द बदलतात ते आयोगाच्या बैठकांत. आयोगाचं मतदान उरकलं की मतदाराच्या हाती फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. आपली बरीच मंडळी नेमकी तेव्हा जागी होतात.

प्रश्न : मी एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. सुनावणीत बोललं तर व्हिसाला धोका नाही ना?

नाही. जाहीर सुनावणीत बोलायला किंवा लेखी म्हणणं द्यायला नागरिकत्व लागत नाही. मतदान मात्र नाही, ग्रीन कार्डवाल्यांनाही नाही.

धोका आहे तो दुकानाबाहेर क्लिपबोर्ड घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे. प्रस्ताव मतपत्रिकेवर आणण्यासाठीच्या याचिकेवरची सही नोंदणीकृत मतदाराचीच चालते. त्याच्याकडे कधी मतदार नोंदणीचा फॉर्मही असतो आणि त्यात ‘मी अमेरिकन नागरिक आहे’ असा रकाना असतो. तिथे टिक केली तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकतो आणि पुढे ग्रीन कार्ड, नागरिकत्व, सगळंच अडतं. भिडेखातर सही करू नका. डीएमव्हीत, म्हणजे वाहन परवाने देणाऱ्या खात्यातही, कागद नीट तपासा. तिथल्या चुकीने हजाराहून अधिक अनागरिकांची नावं मतदार यादीत गेल्याचं ऑरेगनमध्ये 2024 साली उघड झालं. मतपत्रिका घरी आलीच तर वापरू नका. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला लेखी कळवून पोच ठेवा आणि वकिलाला दाखवा.

प्रश्न : आम्ही बेथनीत राहतो, पत्त्यात ‘पोर्टलंड’ आहे. तरी पोर्टलंडची मतपत्रिका आली नाही.

येणार नाही. तो टपाल खात्याचा पत्ता. बेथनी कोणत्याच शहराच्या हद्दीत नाही, कारभार वॉशिंग्टन काउंटीचा. शेजारच्या बीव्हर्टन शहरानेही 2020 मध्ये नवं चार्टर मंजूर केलं, त्यातही तुम्हाला मत नव्हतं. घर घेताना हद्दीचा नकाशा बघा, पिनकोडवर जाऊ नका.

प्रश्न : बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात. तेवढ्यात काय सांगायचं?

पाल्हाळ टाळायचं. पहिल्या वाक्यात नाव, विभाग आणि कलमाचा क्रमांक. दुसऱ्यात आत्ताचा मजकूर काय आहे. मग तुम्हाला हवे असलेले शब्द, जसेच्या तसे. शेवटी एक कारण आणि एक उदाहरण. ‘पारदर्शकता हवी’ म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि मसुद्यात काहीच उतरत नाही. ‘अंदाजपत्रकाचा मसुदा मतदानाच्या 21 दिवस आधी प्रसिद्ध करावा’ म्हणा, म्हणजे आयोगाला उत्तर द्यावं लागतं.

तीच गोष्ट त्याच दिवशी लेखीही द्या. आधी एवढं बघा, की मागणी चार्टरची आहे की कौन्सिलच्या साध्या स्थानिक नियमाची. कचऱ्याची गाडी, पार्किंग, खड्डे हे चार्टरचे विषय नव्हेत. राज्याच्या कायद्याला छेद देणारी मागणी शहराचा वकीलच बाजूला ठेवतो. आणि दहा कुटुंबांनी एकच मजकूर चिकटवून पाठवण्यापेक्षा तिघांनी तीन वेगळी उदाहरणं दिली तर वजन जास्त.

प्रश्न : नव्या पद्धतीत 25 टक्क्यांवर नगरसेवक कसा निवडून येतो? हे बहुमत कुठलं?

महाराष्ट्रात आमदार राज्यसभेसाठी पसंतीक्रमाने मत देतात, त्याच जातकुळीची ही पद्धत. जागा तीन, म्हणून वैध मतांचे चार भाग करून एक मत जास्त, हा कोटा. समजा विभागात 30,000 वैध मतं पडली. कोटा 7,501. एवढी मतं चौघांना मिळूच शकत नाहीत, कारण बेरीज 30,004 होते. कोणाला 9,000 मिळाली तर वरची 1,499 मतं वाया जात नाहीत. त्याच्या सगळ्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीला अंशाअंशाने जातात. कोणीच कोटा गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला. सहा पसंती देता येतात. एकच नाव सहाही रकान्यांत भरून फायदा शून्य. तो बाद झाला की तुमचं मत तिथेच संपतं.

आमच्या मते या रचनेतली कच्ची बाजू 12 हा सम आकडा. महापौराला बरोबरी फोडण्यापुरतं मत आहे, तरी जानेवारी 2025 मध्ये कौन्सिलचा अध्यक्ष निवडताना 6-6 वर गाडी अडली आणि मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. पुढचा आयोग बसेल तेव्हा मांडण्याजोगा मुद्दा हाच.

प्रश्न : मतपत्रिकेवरचं वर्णन दिशाभूल करणारं वाटलं तर?

ऑरेगनमध्ये स्थानिक प्रस्तावाच्या शीर्षकाला 10 शब्द, प्रश्नाला 20 आणि सारांशाला 175 शब्दांची मर्यादा असते. हा सगळा मजकूर दाखल झाल्यापासून कामकाजाच्या सातव्या दिवसापर्यंत सर्किट कोर्टात (राज्याच्या स्थानिक न्यायालयात) हरकत घेता येते, पण ती मतदारालाच. तारीख शहराच्या निवडणूक अधिकाऱ्याच्या सूचनेत छापलेली असते. मतपत्रिका हातात पडेपर्यंत थांबलात तर ही मुदत केव्हाच संपलेली असते.