नव्या वर्षी पालकांचे स्वागत : नव्याने रुजू झालेल्या बाईंसाठी
सांगलीत जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा बहुधा पाऊस असतो, म्हणून पहिलीच्या पालकांना फाटकाशी ताटकळत न ठेवता व्हरांड्यात बसवावे. आपली शाळा लुथरन (म्हणजे सोळाव्या शतकातील धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाची) असली तरी बरीच कुटुंबे ख्रिस्ती नाहीत, तेव्हा सकाळच्या प्रार्थनेविषयी त्यांना पहिल्याच भेटीत, आडपडदा न ठेवता सांगावे. ल्यूथरने १५२९ मध्ये लिहिलेली लघु प्रश्नोत्तरी (ख्रिस्ती शिकवणीचे प्रश्नोत्तररूपी छोटे पुस्तक) कुटुंबप्रमुखाने घरी शिकवावी याच हेतूने होती. पालकांना सोबत घेणे ही आपली जुनीच रीत आहे. भाषण थोडक्यात आटोपावे (ते तसेही कोणी ऐकत नाही). त्यापेक्षा मुलाला न्यायला आजोबा येणार की रिक्षावाले काका, हे मोबाइल क्रमांकासह वहीत लिहून घ्यावे आणि तिसरेच कोणी आल्यास घरी फोन केल्याशिवाय मूल सोडू नये.