दहा-बारा वर्षं जुन्या नॅसचा नागपुरात घरचा सर्व्हर म्हणून उपयोग होईल का?

मामांच्या ऑफिसातून निघालेलं दोन डिस्कचं सिनॉलॉजी डीएस२१३जे हे नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडून फाइली साठवायचं यंत्र, तुमच्याकडे आलंय. त्यावर घरचे फोटो, टीव्हीवर बघायचे सिनेमे, नेक्स्टक्लाउड (गूगल ड्राइव्हसारखं, पण घरच्या यंत्रावर चालणारं सॉफ्टवेअर) आणि बाहेरगावाहून फाइली उघडायची सोय हे सगळं जमेल का, आणि आपल्या उन्हाळ्यात ते टिकेल का, असं तुम्ही विचारलंय. भंगारात तर अजिबात देऊ नका. फक्त त्याला गोदाम म्हणून ठेवा, दुकान दुसऱ्या यंत्रावर मांडा.

यात मार्वेलचा १.२ गिगाहर्ट्झचा ३२ बिटी प्रोसेसर आहे आणि ५१२ एमबी रॅम, तीही वाढवता न येणारी. तयार सॉफ्टवेअर डब्यात बंद करून चालवायची डॉकरची सोय यावर चालत नाही. नेक्स्टक्लाउड खटपट करून बसवलंत तरी प्रत्येक पान उघडायला ताटकळत बसाल, आणि हजारो फोटो एकदम टाकले तर थंबनेल बनवण्यातच ते कितीतरी दिवस गुंतून पडेल. सिनेमांचं तसं नाही. टीव्हीला फाइल जशीच्या तशी वाजवता येत असेल तर नॅसला ती फक्त पुढे सरकवायची असते. फुल एचडी सिनेमाला सेकंदाला पाच एमबीसुद्धा लागत नाहीत आणि लॅन केबलवर हे यंत्र त्याच्या कितीतरी पट देतं. व्हिडिओ एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात बदलायची वेळ आली की मात्र ते हात टेकतं.

म्हणून घरात एखादा जुना लॅपटॉप पडलेला असेल तर नेक्स्टक्लाउड, जेलीफिन (घरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर) वगैरे त्यावर लिनक्स टाकून चालवा आणि नॅसचे फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर जोडायची पद्धत) तिथे जोडा. डेटाबेस लॅपटॉपच्याच डिस्कवर असू द्या, नॅसवर नको. ही जोडी मी स्वतः घरी वापरतो आणि जुन्या यंत्राचं खरं चीज असंच होतं असं माझं ठाम मत आहे.

आता उन्हाळा, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांचे सल्ले इथे अपुरे पडतात. घरगुती नॅससाठी कंपन्या भोवतालचं तापमान साधारण ३५ ते ४० अंशांपर्यंत चालेल असं सांगतात. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर पारा ४५ च्या वर जातो आणि वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली रात्री दहालाही भट्टीसारखी असते. त्यामुळे नॅस तळमजल्यावर किंवा आतल्या खोलीत ठेवा, टीव्हीच्या बंद कपाटात नको. कूलरच्या झोतात तर मुळीच नको. कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि बोअरचं पाणी असलं तर त्यातले क्षारही. ओळखीतल्या एका घरी कूलरसमोर ठेवलेलं नॅस मी उघडलं होतं. पंख्याच्या पात्यांवर पांढरट खरखरीत थर होता, नखाने खरवडला तर पापुद्रा निघत होता, आणि लॅनच्या पोर्टमधल्या पिना हिरवट पडल्या होत्या.

डीएसएममध्ये, म्हणजे सिनॉलॉजीच्या स्वतःच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, डिस्कचं तापमान दिसतं. ५० च्या आत असलं तर निश्चिंत राहा, ५५ कडे सरकायला लागलं तर कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर शेड्यूलमध्ये दुपारी बारा ते सहा यंत्र बंद राहील असं लावून टाका. एप्रिल-मे-जूनपुरतं हे केलं तर घरात कुणाचं काही अडत नाही.

लाइन जाण्याचा बंदोबस्तही हवाच. मे-जूनच्या वादळात लाइन गेली-आली की लिहिणं सुरू असताना डिस्क बंद पडतात. दोन डिस्कचं असं यंत्र २० वॅटच्या आसपास घेतं, त्यामुळे ६०० व्हीएचा साधा यूपीएससुद्धा पुरतो. फक्त यूएसबी पोर्ट असलेला घ्या, म्हणजे बॅटरी संपायच्या आत नॅस आपणहून नीट बंद होईल. बर्डीच्या बाजारात स्वस्तातले बरेच यूपीएस या पोर्टशिवाय मिळतात, खोका उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. घरचा इन्व्हर्टर वापरणार असाल तर मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. विजेचं म्हणाल तर २० वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला चौदा-पंधरा युनिट.

मराठी नावांच्या फाइलींबद्दल सहसा कुणी सांगत नाही. नॅसवरच्या ईएक्सटी४ फाइलप्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह, म्हणजे काना-मात्रा-वेलांटीसुद्धा, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजमध्ये हीच मर्यादा २५५ चिन्हांची असल्यामुळे ‘आजोबांच्या पंचाहत्तरीच्या कार्यक्रमातले सगळ्या नातेवाइकांचे फोटो…’ अशा लांबलचक नावाची फाइल लॅपटॉपवर सुखाने नांदते आणि नॅसवर जाताना अडते. एन्क्रिप्ट केलेल्या शेअर्ड फोल्डरमध्ये तर मर्यादा १४३ बाइटची, म्हणजे ४७ चिन्हांची. घरात मॅक असेल आणि आरसिंक या कॉपी करायच्या प्रोग्रामने कॉपी करत असाल तर ‘ऱ’वरही लक्ष ठेवा. मॅक तो ‘र’ आणि खालचा नुक्ता असा सुटा करून देऊ शकतो; मग ‘दुसऱ्या दिवशी’ नावाचे दोन फोल्डर शेजारी-शेजारी दिसतात आणि त्यातला खरा कोणता ते कळत नाही. आरसिंकला --आयकॉन्व्ह हा पर्याय याचसाठी दिलेला आहे.

सुरक्षेच्या बाबतीत मी आग्रहाने सांगतो: हे यंत्र थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. डीएसएम ७.२ याला मिळालेली नाही, म्हणजे त्याचं वय झालंय हे कंपनीनेच सांगितलंय. २०१४ मध्ये सिनोलॉकर नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जुनी डीएसएम असलेली यंत्रं कुलूपबंद केली, आणि त्याने वापरलेल्या सुरक्षेतल्या भोकाची दुरुस्ती त्याआधीच, २०१३ च्या डिसेंबरात येऊन गेली होती. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या अशाच घरगुती यंत्रावरचा लोकांचा डेटा रातोरात पुसला गेला. त्या यंत्राचे अपडेट २०१५ मध्येच थांबले होते. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करू नका (म्हणजे बाहेरून यंत्रापर्यंत थेट वाट उघडू नका), अशी वाट आपोआप उघडणारं यूपीएनपी बंद ठेवा, फाइल शेअर करायची जुनी असुरक्षित पद्धत एसएमबी१ बंद करा. बाहेरून हवं असेल तेव्हा लॅपटॉपवर टेलस्केल (आपल्याच यंत्रांना जोडणारं खासगी नेटवर्क, म्हणजे व्हीपीएन) टाका आणि त्यातूनच नॅसपर्यंत या. घरच्या ब्रॉडबँडला स्वतंत्र पब्लिक आयपी नसला तरी ते चालतं.

राहिल्या डिस्क. मामांच्या ऑफिसात त्या रात्रंदिवस फिरल्या असणार. स्टोरेज मॅनेजरमध्ये स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) उघडा आणि क्रमांक ५, १९७ आणि १९८ बघा. या तिन्हींसमोरचा मूळ आकडा शून्य हवा. ९ क्रमांकावर एकूण तास दिसतील. वर्षाचे ८७६० तास धरले तर ४०,००० म्हणजे साडेचार वर्षं. आकडे वाईट असतील तर त्या डिस्कवर फोटो ठेवू नका. नवीन घेताना सीएमआर प्रकारचीच घ्या, कारण डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी एसएमआर डिस्क रेड (अनेक डिस्क एकत्र चालवायची मांडणी) पुन्हा बांधताना फार रखडते. मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत ताडून बघा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

दोन्ही डिस्क रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तीच प्रत राहील अशा, लावल्या तरी तो बॅकअप होत नाही. चुकून पुसलेला फोल्डर दोन्हीकडून एकाच वेळी जातो. एक बाहेरची यूएसबी डिस्क ठेवा आणि सिनॉलॉजीचं हायपर बॅकअप हे बॅकअपचं सॉफ्टवेअर लावा. यंत्राचे यूएसबी पोर्ट २.० चे आहेत, म्हणून पहिल्या एक टीबीला नऊ-दहा तास धरून चाला. रात्री लावा, पुढच्या वेळी फक्त बदल झालेलंच जातं. बॅकअप झाला की डिस्क काढून दुसऱ्या घरी, मामांकडेच ठेवलीत तरी उत्तम.

डिस्कचे मॉडेल नंबर आणि ते चार आकडे खाली लिहा, बघून सांगतो कोणती ठेवायची ते.