डोंगरउतारावरचं भात: खत वाहून जातंय

प्रश्न: नमस्कार, मी भांडुपला राहतो, गाव पोलादपूरकडे. उतारावर भाताची चार खाचरं आहेत, युरिया फेकला की जोराच्या पावसात सगळा खाली शेजाऱ्याच्या शेतात जातो, माणसं पण मिळत नाहीत, काय करू?

उत्तर: दादा, शेजारी खूश असणार! युरिया फेकायचा बंदच करा, त्याऐवजी युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) एकत्र दाबून केलेल्या गोळ्या म्हणजे ब्रिकेट वापरा, एक साधारण 2.7 ग्रॅमची असते. लावणी दोरीवर करा, आलटून-पालटून 15 आणि 25 सेंटीमीटर अंतर ठेवून, एका चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीनच रोपं, मग जवळजवळच्या चार चुडांच्या मधे एक गोळी 7 ते 10 सेंटीमीटर खोल चिखलात दाबायची, लावणीच्या दिवशीच. खत मुळाशीच राहतं, हळूहळू विरघळतं. बांधावर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावा, चिखलणीआधी त्याचा पाला शेतात गाडा. ही चारसूत्री पद्धत, चौथं सूत्र म्हणजे भाताचं तूस जाळून ती राख रोपवाटिकेत घालायची.

वरच्या खाचरांत पाणी टिकत नसेल तर हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं बियाणंच घ्या, कर्जत-184 सारखं, गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं, तिथे शेवटी पाण्यावाचून करपतं. आणि बांध फुटलेत का ते मे महिन्यातच जाऊन बघा, गणपतीला नाही!