इन्व्हर्टरची बॅटरी लाकडी कपाटात बंद करून ठेवली तर चालेल का? आणि ट्युब्युलर घ्यावी की लिथियम?

ट्युब्युलर बॅटरी (पाणी घालावी लागणारी लेड-अ‍ॅसिड बॅटरी) बंद कपाटात अजिबात ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. तो कोंडला आणि एखादी ठिणगी पडली, तर स्फोट होऊ शकतो. शिवाय डिस्टिल्ड वॉटर घालायला वर हात जाईल एवढी जागा हवीच.

आता निवड. 150 एएच (अँपिअर-तास), 12 व्होल्टची ट्युब्युलर म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास. पण ट्युब्युलर टिकवायची तर साधारण निम्मीच वापरावी. तीन पंखे, चार एलईडी दिवे आणि राउटर मिळून 270 वॉट धरले, तर तीन-सव्वातीन तास. लिथियम आयर्न फॉस्फेटची (लिथियमचाच एक प्रकार) 100 एएच बॅटरी निम्म्याहून बरीच जास्त वापरता येते, म्हणून ती जवळजवळ तेवढंच काम देते, वजनाला हलकी, पाण्याची कटकट नाही. मात्र जुन्या इन्व्हर्टरला ती तशीच जोडू नका, त्यात लिथियमचं चार्जिंग सेटिंग आहे का ते आधी बघा.

खर्च परवडत असेल तर मी लिथियमच सुचवेन, पण तीही हवेशीर, जाळीच्या दाराच्या धातूच्या कपाटात. उन्हाची गॅलरी, झोपायची खोली आणि जिन्याखालची जागा टाळा. आग लागली तर बाहेर पडायची वाट जिनाच असते. बॅटरीजवळच्या वायरवर डीसी (बॅटरीच्या एकदिश प्रवाहासाठीचा) फ्यूज नसेल, तर इलेक्ट्रिशियनला तो बसवायलाच लावा.